पांगाऱ्याच्या मेढी

"आये, आपल्या घराला पानं आल्याती!"

हरणी ओरडत आत आली तेव्हा साळूबाई तान्ह्याला पाजत होती. श्रावण लागला होता. पाच वर्षांच्या पोरीचं काय ऐकायचं म्हणून तिनं आधी लक्षच दिलं नाही. मग पोरीनं हात धरून ओढलं, तशी पोराला पदराखाली तसंच धरून ती बाहेर आली. बघते तर छप्पर पेलणाऱ्या दारातल्या मेढीला खालपासून वरपर्यंत कोंब. हिरवे, लुसलुशीत. मागच्या मेढीला तर तळहाताएवढी तीन-तीन पानं झालेली.

संध्याकाळी आकाराम कामावरून आला. मेढीपुढं उभा राहून त्यानं डोकं खाजवलं.

"आवं, तुमी घर बांधलंय का झाडं लावल्याती?" साळूबाई म्हणाली.

"आमच्या माणात असं हुईत न्हाई गं," तो ओशाळून म्हणाला. "तितं जमिनीत लाकूड रवलं की वाळतंय."

चूक त्याचीच होती. मेढ रोवायच्या आधी तिची साल काढायची, बुडखा जाळात शेकवायचा, हे कृष्णाकाठच्या कुठल्याही गड्यानं सांगितलं असतं. पण आकाराम दुष्काळी माणदेशातला, म्हसवडकडचा. त्या मुलखात ओल म्हणजे काय ते डोळ्यांतल्या पाण्यावरूनच कळायचं. एका पानमळेवाल्यानं पांगारे छाटून बांधावर टाकले होते, ते मागून घेऊन यानं सालीसकट रोवले. वर उसाच्या पाचटाचं दुपाखी छप्पर. उन्हाळाभर दिवसा मालकाचं काम केलं आणि उजेड असेतो आपलं. छप्पर मात्र असं बांधलं, की पावसाळ्यात एक थेंब आत आला नाही.

त्याच्या आधी ती माणसं मालकाच्या, लालासाहेबांच्या, गोठ्यात राहत होती.

गोठा चांगला होता. दगडी भिंती, वर मंगलोरी कौलं. बैलांसाठी बांधलेला, चांगला असणारच. सालगड्याला त्यातला कोपरा दिला होता, दावणीपलीकडचा. त्याच कोपऱ्यात साळूबाईला मधला मुलगा झाला. पाचवी पुजली, आणि त्याच आठवड्यात पोराचं तोंड मिटलं ते उघडेना. दूध ओढेना. अंग धनुकलीसारखं वाकडं झालं. गावानं सांगितलं, सटवीनं नेलं. सटवीवर नाव घालायला काय लागतं? ती काही उलटून विचारायला येत नाही, की बाळंतिणीला शेणामुतात कुणी निजवलं होतं.

त्या पोराला ओढ्याकाठी ठेवून आली तेव्हा साळूबाई एवढंच म्हणाली होती, "पुन्यांदा दिस गेलं तर मला तुमचं छप्पर पायजे. नसंल हुईत तर माहेरी सोडा."

म्हणून मालकाच्याच मळ्यात ते छप्पर झालं. त्यात आषाढात नाथा झाला. पाचवी गेली, बारसं झालं, महिना गेला. पोरानं तोंड मिटलं नाही. रडायला लागला की मळ्यातली पाखरं उठायची.

*

दिवाळी झाली आणि लालासाहेब मळ्यात आले. बरोबर एक टोपीवाला माणूस, हातात मोजायची दोरी. त्यांनी छपराच्या अंगणातच दोरी धरली. साळूबाई भाकरी थापत होती. दोरी तिच्या पाठीमागून गेली, कुणी तिला सरक म्हटलं नाही की बस म्हटलं नाही.

"आकाराम," लालासाहेब म्हणाले, "यंदा गुऱ्हाळाला इंजन आणतोय. बैलाचा घाणा बंद. रस कढवायचं चुलवान तितं हुईल आन् इंजन हितं."

"हितं म्हंजी मालक?"

"हितं म्हंजी हितं. चुलवानाच्या ठिणग्या उडत्यात, पाचटाचं छप्पर जवळ ठेवून चालंल का? सगळा मळा पेटवशील लेका. चार दिसांत हलव."

"कुठं जाऊ?"

"गोठा काय पळून गेलाय व्हय?"

बोलणं रागाचं नव्हतं. लालासाहेब तसे वाईट माणूस नव्हते. सणाला पोरीच्या हातावर गूळ ठेवणारे होते. त्यांना एवढंच कधी सुचलं नव्हतं, की गोठा माणसाला पुरत नाही. ज्याच्या घराला चार सोपे आहेत त्याला ते सुचत नसतं.

साळूबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. मालक गेल्यावर म्हणाली, "मी गोठ्यात जायाची न्हाई."

"आगं, चार म्हैनं—"

"चार दिस न्हाई. तुमी जावा. बैलं वळखीची हायती तुमच्या."

नाथाला तेव्हा खोकला होता. रात्री अंग तापायचं. ती त्याला उराशी धरून बसायची आणि आकाराम तिच्याकडं बघायचा टाळायचा.

मग तो जागा मागत हिंडला. गावच्या गायरानात विचारलं तर म्हणाले, ती जागा जनावरांची हाय. देवळामागं विचारलं तर म्हणाले, देवाची हाय. ओढ्याची पड विचारली तर म्हणाले, सरकारची हाय. जनावरांना जागा होती, देवाला होती, सरकारला होती. एकानं तर हसून विचारलं, "माणातलं तुमी, हितं कशापायी मुळी रवताय?"

शेवटी साळूबाईच गेली. अंबूबाईकडं. ती तिच्याकडं दळायकांडायला जायची. अंबूबाई म्हातारी, एकटी, जिभेची फाटकी. तिचा एकुलता एक लेक पलटणीत गेला तो लढाईतून आला नाही. बैल विकले, जमीन यंदा अर्धलीनं, निम्म्या वाट्यावर, लावली. गावाच्या कडेला तिचं खळं होतं, ते दोन वर्षं तसंच पडून. मधला तिवडा, मळणीचे बैल ज्याच्याभोवती फिरायचे तो खांब, तेवढा उभा.

"आत्ती, तुमच्या खळ्यावर छप्पर ठिऊ द्या," साळूबाई म्हणाली.

"खळ्यावर? लक्षुमीची जागा हाय ती. चुली घालून बसशील?"

"बाहीर घालीन चूल."

"पोरगं हागंल, मुतंल."

"सारवीन."

अंबूबाई पोराकडं बघत राहिली. पोर खोकलं. "कशानं खोकतंय गं? ओवा शेकवून लावलास का न्हाई? तुला अक्कल न्हाई." आणि मग, आत जाता जाता, "सुगीपातूर. माघात खळं सारवायला लागंल, वाटंकरी मळणी टाकायचाय. तवा हलायचं. मग रडत बसायचं न्हाई."

*

आमच्याकडं एक रीत आहे. मढ्याला आणि छपराला खांदा मागावा लागत नाही. कुणाचं छप्पर हलवायचं आहे एवढं कळलं की घरटी एक गडी येतो. त्यात भांडण बघत नाहीत, भाऊबंदकी बघत नाहीत. आकारामला भरवसा नव्हता. आपण परमुलखातलं, कोण येणार? पण दिवस उगवायच्या सुमाराला बांधावरून माणसं येताना दिसली आणि तो नुसताच हात जोडून उभा राहिला.

"हात जोडायला लगीन हाय व्हय रं?" म्हातारा केरबा म्हणाला. त्याच्यानं खांदा होण्यासारखा नव्हता, पण तोंड होत होतं. "वासं आवळल्यात का नीट, का निम्म्या वाटंत पाचट आमच्या टकुऱ्यावर?"

लालासाहेबांचा चुलतभाऊ मानसिंगही आला. ब्रह्मदेशातून लढाई करून आलेला, अंगात अजून खाकी सदरा. त्यानं आत डोकावलं आणि थबकला. आढ्याला झोळी टांगलेली. झोळीत नाथा.

"वैनी, पोरगं काढा."

साळूबाई हलली नाही. तिचे डोळे लाल होते. "दादा, तीन राती डोळ्याला डोळा न्हाई त्याच्या. आत्ता निजलाय. ताप उतरलाय. काढलं की उठंल."

"मग?"

 माणसं एकमेकांकडं बघायला लागली. छप्पर उचलायचं म्हणजे आरोळी पाहिजे. आरोळीशिवाय खांदे एकदम लागत नाहीत, पाय एकदम पडत नाहीत. 'बोल बजरंग' म्हटल्याशिवाय आमच्याकडं साधा दगड हलत नाही.

मानसिंगनं मिशीवरून हात फिरवला. "ऱ्हाऊ द्या झोळी. आखूड बांधा, खाली लोळाय नगं. आमी रातच्या अंधारात तोफा हलवल्यात, शिंकायची चोरी हुती. गड्यांनो, आरोळी न्हाई. माझ्या हाताकडं बघायचं. ही बोटं वर झाली की उचल. डावा हात, डावा पाय. उजवा हात, उजवा पाय. ज्यानं तोंड उघडलं त्याच्या तोंडात पाचट कोंबीन."

"आन् खोकला आला तर?" केरबानं विचारलं.

"तुमी घरी जावा, आण्णा."

दोऱ्या कापल्या. आडवे वासे खांद्यांवर आले. मानसिंगची बोटं वर झाली, आणि छप्पर मेढींवरून उठलं. कसं उठलं ते सांगता येत नाही. नुसता पाचटाचा सर्र असा आवाज झाला, निजलेल्या म्हशीनं कूस बदलावी तसा. खाली चूल उघडी पडली, उतरंड उघडी पडली, साळूबाईची वाकळ उघडी पडली. हरणीनं वर बघितलं. जिथं आढं होतं तिथं आभाळ.

आकारामनं पहार घेतली आणि पहिल्या मेढीच्या बुडाशी घातली. मेढी काढून मागोमाग न्यायच्या, असा त्याचा बेत.

"हां! पहार ठेव."

बांधावर लालासाहेब होते.

मानसिंगनं ओठांवर बोट ठेवलं.

"का रं? कोण मेलंय?" लालासाहेब चमकून म्हणाले.

"मेलं न्हाई. निजलंय."

लालासाहेबांनी छपराखाली वाकून बघितलं. झोळी दिसली. मग पुढचं सगळं भांडण कुजबुजत झालं. अशा भांडणाला गावानं कधी कान दिले नसतील.

"मेढी माज्या हायती, मालक," आकाराम दबक्या आवाजात म्हणाला. "पानमळ्यातनं म्या डोक्यावर आणल्यात."

"आणल्यास तवा लाकडं हुती. आता ती झाडं हायती. मुळ्या कुणाच्या भुईत हायत्या?"

"तुमच्या."

"मग झाड कुणाचं? मला इंजनाला मांडव घालायचाच हाय. आयत्या मेढी उभ्या हायत्या. इचार आण्णाला, काय रीत हाय."

सगळी केरबाकडं बघायला लागली. म्हाताऱ्यानं खाली बघून पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "रीत... रीत तशी हाय खरी. भुईवरचं करणाऱ्याचं. भुईत मुळी धरली ती भुईवाल्याची." मग लालासाहेबांकडं न बघता म्हणाला, "इंजनाला गारठा लय वाजतोय वाटतं."

कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या खांद्यांवर ओझं होतं.

आकारामच्या हातात पहार तशीच. त्या सहा मेढी, सगळ्यांना पालवी. वाऱ्यावर हलत होत्या.  साळूबाई पुढं झाली, त्याच्या हातातली पहार घेतली आणि भुईवर निजवली, आवाज होऊ न देता.

"चला," ती म्हणाली. "पोरगं उठंल."

*

मग ते छप्पर चालायला लागलं.

पुढं मानसिंग, उलटा चालत, हात वर करून. त्याच्यामागं गड्यांचे पाय आणि पायांवर घर. उसाच्या दोन फडांमधल्या वाटेनं ते निघालं तेव्हा दोन्हीकडचे तुरे पाचटाला घासत होते. बोलणं नाही. नुसते अनवाणी पाय, डावा, उजवा, आणि श्वास. मधोमध झोळी पावलागणिक हलकीच झुलत होती. घरात साळूबाई एका हातानं झोका देत दुसऱ्या हातानं काम करायची. आज तिच्या पोराला अख्खा गाव झोका देत होता. ती छपराबरोबर चालत होती, डोळा झोळीवर. हरणी तर आतच शिरली, बापाचा चंबू घेऊन ऐटीत चालायला लागली. घरात बसून गावाला जायला मिळतंय, अजून काय पाहिजे?

लालासाहेब बांधावरून येत होते. ऊस तुडवतील म्हणून बघायला.

पाण्याचा पाट आला. आदल्या दिवशीचं पाणी, काठ निसरडा. मागल्या कोपऱ्याच्या गड्याचा पाय घसरला, तो गुडघ्याएवढ्या चिखलात बसला आणि तो कोपरा एकदम खाली आला. झोळी भेलकांडली. साळूबाईच्या तोंडातून आवाज फुटायच्या आत कुणीतरी पाटात उडी टाकली आणि पडता वासा खांद्यावर घेतला.

लालासाहेब होते.

धोतर चिखलात, मांडीपर्यंत. त्यांनाही कळलं नसावं आपण काय केलं ते. छप्पर पडताना दिसलं की खांदा जातो, तसा गेला. सगळे श्वास धरून उभे. झोळीतून एक मूठ वर आली, उघडली, मिटली. चुकचुक आवाज झाला. पोर अंगठा चोखत पुन्हा निजलं.

मानसिंगची बोटं हलली. आता लालासाहेबांना सोडता येईना. सोडलं तर कोपरा पडतो.

"मालक," मागून केरबा कुजबुजला, "डावा पाय."

आणि लालासाहेबांनी डावा पाय टाकला.

*

खळ्यावर पोचलं आणि सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं. ठेवायचं कशावर?

मधल्या तिवड्यावर आढ्याचं एक टोक बसलं. बाकी? मेढी तर मागं राहिलेल्या. गडी छप्पर खांद्यावर घेऊन उभे, आणि आकाराम चारी बाजूंनी धावतोय.

"आता काय आमी हितंच उभं ऱ्हायाचं व्हय रं, सुगीपातूर?"

"भाकरी हितं आणून देईल तुजी बायकू."

"मुंगळा चावतुया गड्या, कुणीतरी खाजवा."

"शूऽऽ!"

अंबूबाई दारात उभी राहून बघत होती. ती आत गेली आणि मुसळ घेऊन आली. मग परसात गेली आणि गाडीचं जू ओढत आणलं. लेकाच्या गाडीचं. दोन वर्षं त्याला कुणाचा हात लागला नव्हता. तिनं ते कोपऱ्याखाली उभं केलं आणि तिथल्या गड्याला म्हणाली, "हो बाजूला. बघत काय उभा ऱ्हायलायस?"

ते बघून शेजारच्या बायका हलल्या. कुणी नांगराचं इसाड आणलं, कुणी मोडक्या बाजेची गातं, कुणी पेरायची पाभर. एकेक टेकण लागलं, एकेक गडी मोकळा झाला आणि मान चोळत बाजूला बसला.

"इसाड परवा लागंल बरं का, पेर ऱ्हायलीय माजी."

"पाभर तर मला उद्याच पायजे."

शेवटचा कोपरा राहिला तो लालासाहेबांचा. त्यांच्या जागी दगडावर दगड रचले. ते बाहेर आले, खांद्याला वाशाचा वळ, धोतराचा चिखल वाळत चाललेला.  पाटावर पाय धुतले आणि मळ्याकडं गेले. त्यांनी खांदा दिला, मेढी दिल्या नाहीत. दोन्ही खरं आहे. पण पुढं कितीतरी दिवस गाव त्यातलं पहिलंच तेवढं सांगत राहिलं.

आणि तेव्हा नाथा उठला. डोळे उघडले, वर ओळखीचं आढं बघितलं, खाली अनोळखी माणसं बघितली आणि टाहो फोडला. असा, की देवळावरचे पारवे उडाले.

केरबानं धोतर झाडलं. "हां! आता बोला रं, लेकाच्यांनो!"

"बोल बजरंग बली की—"

मळ्यापासून दाबून धरलेली आरोळी एकदम सुटली. पोर दचकून गप्प झालं. साळूबाई पोराला छातीशी धरून आधी हसली, मग तोंड भिंतीकडं करायला गेली, तर भिंतच नव्हती. मग तशीच सगळ्यांपुढं रडली.

*

जू, इसाड, पाभर, ज्याचं त्याला द्यायचं होतं. अंबूबाईच्या बांधावर जुना पांगारा होता. "न्हे छाटून," ती म्हणाली, "न्हाईतरी कावळंच बसत्यात त्येच्यावर."

आकारामनं मनगटाहून जाड अशा फांद्या बघून तोडल्या, काटे तासले. खळ्याच्या कडेला बसून कोयत्यानं साल सोलायला लागला. बुडापासून वर. पांढरं लाकूड उघडं पडत होतं. पलीकडं त्यानं पाचटाचा जाळ केला होता, बुडखे शेकवायला. आता त्याला सगळं कळलं होतं. ओल धरता कामा नये, कोंब येता कामा नये, माघात उपटून खांद्यावर टाकता आलं पाहिजे.

हरणी बापाजवळ बसून सालीच्या पट्ट्यांचं कडं करत होती. "आप्पा, ह्या घराला पानं कवा येणार?"

"ह्या घराला न्हाई येत."

"का?"

त्यानं दुसरी फांदी मांडीवर घेतली.

अंबूबाई ओवा भाजून पुरचुंडी करून आणत होती, पोराच्या छातीला शेकायला. ती थांबली. सोललेली फांदी बघितली, जाळ बघितला. मग छपराच्या कोपऱ्याकडं बघितलं. तिथं लेकाचं जू टेकलेलं होतं आणि जुवाच्या खुंटीला नाथाची कुंची वाळत घातली होती.

"काय करतुयास रं?"

"साल काढतुया, आत्ती. फुटाय नगं."

"फुटलं तर?"

"फुटलं तर तुमचं झाड. मग माघात म्या काय न्हेऊ?"

म्हातारीनं पुरचुंडी खाली ठेवली. मग वाकली, त्याच्या हातातला कोयता काढून घेतला.

"सोलू नगंस," ती म्हणाली.

"आवं, पर सुगीला खळं—"

"खळं माझं हाय का तुझं? हलवीन न्हाईतर ठिवीन." तिनं पायानं जाळावर माती लोटली. "रव तसंच, सालीसकट."

आकारामनं खड्डा घेतला, मेढ उभी केली, माती लोटून पायानं दाबली. तो दुसऱ्या खड्ड्याकडं वळला. तेवढ्यात अंबूबाई घरातून तांब्या घेऊन आली आणि मेढीच्या बुडाशी हळूहळू पाणी ओतायला लागली.